तोडणीची चिठ्ठी कुणी काढायची?

ऑक्टोबर सरत आला की वाळवा-पलूसपासून कराडपर्यंत बांधाबांधावर एकच प्रश्न असतो: आपल्या उसाला तोड कधी? कारखान्याच्या शेतकी विभागापुढे तोच प्रश्न रोज संध्याकाळी उलट बाजूने येतो. उद्या कोणत्या फडात कोणती टोळी घालायची, आणि कोणाला अजून थांबायला सांगायचे? आजवर हे ऊसनोंदीची वही, हँड रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजायचे हातातले उपकरण) आणि गटातल्या चिटबॉयची, म्हणजे कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याची, नजर यांवर ठरत आले. आता त्यात उपग्रह आलेत, मॉडेल आलेत, मोबाईलवर पक्वतेचे रंगीत नकाशे आलेत. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये 500 कोटींच्या तरतुदीसह महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले आहे, त्यामुळे हे वारे थांबणार नाही. थांबावे असेही मला वाटत नाही. फक्त कोणता निर्णय यंत्राकडे द्यायचा आणि कोणता माणसाकडे ठेवायचा, ही वाटणी करार करायच्या आधी झाली पाहिजे. एकदा हंगाम सुरू झाला की ती आपोआप होते, आणि आपोआप झालेली वाटणी नेहमी वाईट असते.

बैठकीत हमखास येणारे वाक्य असे: "यंत्र फक्त सुचवेल, शेवटची सही आपल्या माणसाचीच." ऐकायला बरे वाटते. पण सहीचा हिशोब मांडून बघा. रोज 5000 टन गाळपाचा कारखाना म्हणजे ताशी 208 टन. दोन ट्रॉल्यांच्या एका ट्रॅक्टरवर पंधरा-वीस टन धरले तर गव्हाणीला (ऊस मिलमध्ये टाकायच्या जागेला) तासाला दहा ते चौदा ट्रॅक्टर लागतात, शिवाय बैलगाड्या. तोडीची परवानगी देणाऱ्या दिवसाच्या 400 चिठ्ठ्या सहज होतात. शेतकी अधिकाऱ्याकडे संध्याकाळचे दोन तास आहेत असे समजू. एका चिठ्ठीला 18 सेकंद मिळतात. तेवढ्यात गट नंबर वाचून होत नाही, विचार कुठला? तो माणूस निर्णय घेत नसून शिक्का मारतोय. उद्या काही चुकले तर मात्र सही त्याची आहे. यंत्राने ठरवायचे आणि माणसाने निस्तरायचे, ही सगळ्यांत वाईट वाटणी.

या विषयावरचा अभ्यास जुना आहे. थॉमस शेरिडन आणि विल्यम व्हर्प्लँक यांनी 1978 मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातल्या वाटणीच्या दहा पायऱ्या मांडल्या होत्या. एका टोकाला सगळे माणूस करतो, दुसऱ्या टोकाला संगणक माणसाला विचारतही नाही. पुढे 2000 साली राजा परासुरमन, शेरिडन आणि ख्रिस्तोफर विकेन्स यांनी त्यात कामाची भर घातली: एकच निर्णय चार टप्प्यांत फोडायचा. माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, पर्याय निवडणे, अंमल करणे. प्रत्येक टप्प्याला वेगळी पायरी देता येते. तोडणीच्या चिठ्ठीला हे तंतोतंत लागू पडते.

माहिती गोळा करण्यात यंत्राला पुढे करायला हरकत नाही, पण त्याची नजर किती बारीक आहे ते आधी बघावे. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा चित्रबिंदू 10 मीटरचा आहे आणि तो साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येतो. वीस गुंठ्यांचे रान म्हणजे सुमारे 2020 चौरस मीटर, म्हणजे वीस बिंदू. त्यातले बांधावरचे, शेजारच्या रानात अर्धे सांडलेले बिंदू सोडले की पूर्ण उसाचे म्हणावेत असे जेमतेम सहा ते नऊ उरतात. रान लांबट पट्ट्याचे असेल तर त्याहून कमी. दहा गुंठ्यांबद्दल उपग्रह जे सांगतो त्याला अंदाजसुद्धा म्हणू नये. जून ते सप्टेंबर ढग असतात ते वेगळेच. रडारवाला उपग्रह ढगातून पाहतो, पण तो उसाची गोडी पाहत नाही. म्हणून पहिला नियम: वीस गुंठ्यांखालच्या रानासाठी पक्वतेचा आकडा स्क्रीनवर दाखवायचाच नाही. "कमी खात्री" असे बारीक अक्षरात लिहून आकडा दाखवला तर लोक आकडाच वाचतात.

दुसरा टप्पा अर्थ लावण्याचा, आणि घोळ इथेच जास्त होतात. हिरवेपणाचा निर्देशांक उंच, दाट उसात एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो. ऊस पिकतोय की अजून वाढतोय हे त्यातून फारसे कळत नाही. कृष्णाकाठच्या पूरपट्ट्यात तर उलटाच प्रकार होतो. पुराचे पाणी शेंड्यावरून काही दिवस राहिले की शेंडा कुजतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, येतात. वरून बघणाऱ्याला रान पुन्हा हिरवेगार दिसते, मॉडेल खूश होते, आणि आत साखर उतरत असते. चिटबॉयला हे बांधावरून अर्ध्या मिनिटात दिसते. त्यामुळे ज्या गटांत त्या पावसाळ्यात पाणी शिरले ते गट त्या हंगामापुरते यंत्राच्या यादीतून काढून माणसांकडे द्यावेत. मॉडेल सुधारत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

याहून खोल अडचण आहे ती उताऱ्याची. साखर उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी, निघतो सगळ्या कारखान्याचा मिळून, कारण गव्हाणीत पडल्यावर रस एकत्र होतो. शेतकऱ्याचा दरही त्याच सरासरी उताऱ्यावर ठरतो. म्हणजे "या फडाचा उतारा अमुक टक्के" हे मॉडेलचे भाकीत खरे होते की खोटे, हे कोणालाच कधी कळत नाही. ज्या भाकिताची परीक्षा होत नाही ते कितीही दशांशांपर्यंत सांगता येते! यावर इलाज म्हणजे स्वतःची परीक्षा उभी करणे. रोज केन यार्डात (कारखान्याच्या ऊस-आवारात) आलेल्या गाड्यांतून सोडत काढून पंधरा निवडा, त्यांचे ब्रिक्स (रसाच्या गोडीचा आकडा) मोजा, मॉडेलच्या आकड्याशेजारी लिहा. तेवढ्यानेही भागत नाही, कारण यार्डात येतो तो ऊस मॉडेलने पक्व ठरवलेलाच असतो. त्याने "अजून कच्चा" म्हणून मागे ठेवलेल्या रानांतली पाच रानेही रोज तपासली पाहिजेत. नाहीतर त्याची एकाच बाजूची चूक दिसेल, दुसरी कायमची झाकलेली राहील.

ब्रिक्स मोजण्यातही शिस्त लागते, नाहीतर खराब मोजमापाने चांगले मॉडेल बदनाम होते. कडेच्या दोन-तीन सऱ्या सोडून आत जायचे, कारण बांधाकडच्या उसाला ऊन जास्त मिळते. पाच जागी प्रत्येकी दोन ऊस घ्यायचे. खालच्या आणि वरच्या कांड्यांचा रस वेगवेगळा मोजायचा. वरचा आकडा भागिले खालचा एकाच्या जवळ आला की ऊस पिकला, तो बराच खाली असेल तर शेंडा अजून कच्चा. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर आधी ऊर्ध्वपातित पाणी टाकून शून्य जुळवायचा. नुकतेच पाणी दिलेल्या किंवा पाऊस पडलेल्या रानात मोजायचे नाही. हे काम सहायकाच्या मर्जीवर सोडले तर तो रस्त्याकडेचाच ऊस मोडणार, यात त्याचा दोष नाही. कोणत्या रानात, कोणत्या कोपऱ्यातून शिरायचे हे मोबाईलने सांगावे. यंत्राने माणसाला कामाला लावण्याची ही जागा योग्य.

तिसरा टप्पा निवडीचा. इथे यंत्राला एकच गोष्ट सांगावी लागते: काय वाढवायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, "उतारा". हे उत्तर तांत्रिक वाटते, पण ते धोरण आहे, आणि त्याचा भुर्दंड कुणाला पडतो ते बघा. मिरज आणि वाळव्याच्या क्षारपड रानांत अनेकांनी फुले 265 या जातीचा ऊस लावलेला असतो, कारण तो खारवट जमिनीत तग धरतो आणि वजन देतो. साखर मात्र को 86032 या जातीपेक्षा थोडी कमी. उतारा वाढवायला सांगितलेले यंत्र या रानांना सरळ यादीच्या तळाशी ढकलते. लांबच्या, अडचणीच्या रस्त्यावरच्या, तुकड्यांच्या रानांचेही तेच. यंत्राने कुणावर राग धरलेला नसतो, त्याने सांगितलेले काम चोख केलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये वाळून वजन घटलेला ऊस मात्र त्याच ठरावीक लोकांचा असतो.

म्हणून "काय वाढवायचे" आणि "काय होऊ द्यायचे नाही" या दोन गोष्टी संचालक मंडळाने ठरावात लिहून द्याव्यात. विक्रेत्याच्या अभियंत्याने किंवा ईडीपी (संगणक) विभागाने त्या गृहीत धरू नयेत. ठराव साधा हवा: लागणीच्या क्रमपाळीपेक्षा (लागणीच्या तारखेप्रमाणे येणाऱ्या नंबरापेक्षा) कोणाचेही रान इतक्या दिवसांहून जास्त मागे पडणार नाही, मग उतारा काही अंशाने घसरला तरी चालेल. दिवसांचा आकडा मंडळाचा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू या वेगवेगळ्या हंगामांतल्या लागणी आणि तोडीनंतर पुन्हा फुटणारा खोडवा यांना वेगवेगळे आकडे लागतील. या मर्यादेच्या आत क्रम लावणे यंत्राला माणसापेक्षा नक्कीच चांगले जमते. टोळ्या किती, वाहने किती, कोणत्या रस्त्यावरून किती फेऱ्या, असे शेकडो पर्याय एका वेळी डोक्यात धरणे कोणत्याही शेतकी अधिकाऱ्याला शक्य नाही. तिथे उगाच मानपान करू नये.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी मात्र मोजून ठेवाव्यात. टोळीने मागितलेली खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री (दोन्ही वरचे पैसे), भावकीच्या वादात अडलेला रस्ता, घरात मयत, बियाण्यासाठी राखलेला प्लॉट. आणि जळीत. जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो, म्हणून कोणीही नियम लिहिताना "जळीत असेल तर सर्वांत वर" असे लिहून मोकळा होतो. मग थांबून कंटाळलेला माणूस काडी लावतो. जळक्या उसाच्या पैशातली कपात सोसतो, पण नंबर लागतो. नियम जितका यांत्रिक, तितका तो वाकवणे सोपे. जळिताचा निर्णय जागेवर जाऊन माणसानेच घ्यावा आणि एकाच गटात जळिते वाढली तर तिथली क्रमपाळी कुठे तुंबली ते आधी शोधावे.

आता त्या 18 सेकंदांकडे परत. सगळ्या चिठ्ठ्या माणसापुढे टाकायच्या नाहीत. साधारण 400 पैकी 350 सरळ जाऊ द्या: पुरेसे मोठे रान, ताजे चित्र, ब्रिक्स आणि मॉडेल जुळलेले, क्रमपाळीतही बसणारे. उरलेल्यांपैकी कमाल 40 अधिकाऱ्यापुढे यावेत, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटे मिळतात. बाकीचे दहा त्या दिवशी थांबवून गटात माणूस पाठवावा. सरळ गेलेल्यांतूनही रोज दहा चिठ्ठ्या कोणत्याही उचलून नीट तपासायच्या, नाहीतर त्या 350 मध्ये काय चालले आहे हे हंगाम संपेपर्यंत कळणार नाही.

कोणत्या चिठ्ठ्या वर पाठवायच्या याचा उंबरठा अंदाजाने ठेवू नये. दोन चुकांची किंमत मांडा. समजा नोंदीपेक्षा कमी ऊस किंवा दुहेरी नोंद असलेले रान शोधायचे आहे. विनाकारण पाहणीला गेलो तर पेट्रोल आणि वेळ मिळून 400 रुपये जातात. जायला हवे होते आणि गेलो नाही, तर टोळीचा आणि वाहनाचा दिवस बुडून 3600 रुपये जातात. हे आकडे समजण्यापुरते, तुमचे तुम्ही घाला. विनाकारण जाण्याचे 400 भागिले दोन्ही चुकांची बेरीज 4000, म्हणजे 0.10. मॉडेलला दहा टक्के जरी शंका असली तरी माणूस पाठवणे परवडते. बहुतेक सॉफ्टवेअर पन्नास टक्क्यांवर बसवून येतात आणि कोणी विचारतही नाही. मात्र हे गणित चालण्यासाठी मॉडेलचे "दहा टक्के" खरोखर दहा टक्के असावे लागतात. त्याने ज्या शंभर रानांवर दहा टक्के शंका घेतली, त्यांतली दहाच्या आसपास खरोखर चुकीची निघतात का, हे मागच्या हंगामाच्या नोंदीवर तपासून घ्या.

माणसापुढे आलेल्या 40 चिठ्ठ्यांतही एक खोड सांभाळावी लागते. यंत्राचा आकडा आधी दिसला की माणसाचा अंदाज त्याच्याकडे सरकतो. म्हणून वादाच्या रानांत अधिकाऱ्याने किंवा चिटबॉयने आपले मत आधी नोंदवावे, मग स्क्रीनने मॉडेलचे दाखवावे. दोन्ही वेगळे असतील तर कारण निवडायचे: रस्ता बंद, रानात पाणी, जळीत, बियाणे राखीव, टोळी नाही, पांगशा, इतर. सात कारणे पुरतात. "इतर" चौथ्या हिश्श्याच्या वर गेले तर यादी चुकली आहे, माणसे नव्हेत. महिनाभर एकही बदल झाला नाही तर खूश होऊ नका, कोणी वाचतच नसेल. शंभरात चाळीस बदल होत असतील तर एक तर मॉडेलला काही दिसत नाही किंवा लोकांनी त्याला नाकारले आहे. बदल एकाच गावाच्या फायद्याचे होत असतील तर गोष्ट तिसरीच. शंभरात दोन मुद्दाम चुकीच्या चिठ्ठ्या पेराव्यात, उदाहरणार्थ आधीच तुटलेले रान, आणि त्या पकडल्या जातात का बघावे. हे अधिकाऱ्यांना सांगून करावे. लपून केले तर विश्वास जातो.

"माणूस मध्ये आहे" एवढ्याने निर्णय माणसाचा होत नाही, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांनुसार, काही अपवाद सोडले तर माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेता येत नाही. जर्मनीत शुफा नावाची पतगुण काढणारी कंपनी आहे. तिच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 7 डिसेंबर 2023 रोजी सांगितले की कर्ज देणारा त्या गुणावरच मुख्यतः विसंबत असेल, तर गुण काढणे हाच स्वयंचलित निर्णय. आपल्याकडे हा कायदा लागू नाही. पण आपल्या पतसंस्थांनी यातून काय घ्यायचे ते उघड आहे: छोट्या कर्जाला यंत्र होकार देऊ शकते, नकार मात्र कारण लिहून माणसानेच द्यावा. सोनेतारणाला तर एआय नकोच. वजन, कस, त्या दिवसाचा भाव आणि ठरलेली टक्केवारी. साधा नियम पुरतो तिथे मॉडेल बसवणे म्हणजे विहिरीवर टँकर मागवणे.

पुराच्या भाकितात यंत्राची आणखी एक मर्यादा दिसते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2005 च्या पुरात पाणी 54 फुटांच्या आत राहिले होते, 2019 मध्ये ते 57 च्या पुढे गेले. निर्णयवृक्षांवर (एकामागून एक हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवर) आधारलेली लोकप्रिय मॉडेल शिकवलेल्या उत्तरांच्या सरासरीतूनच उत्तर देतात. 2005 ते 2018 च्या नोंदी शिकवल्या तर ते मॉडेल, वर धरणांतून कितीही पाणी सुटले तरी, 57 म्हणूच शकत नाही. त्याची शिडी तिथवर पोचत नाही. ज्या दिवशी भाकिताची खरी गरज असते त्याच दिवशी ते अपुरे पडते. त्यामुळे यार्डातले ट्रॅक्टर कधी हलवायचे, गोदामाचा खालचा थर कधी उचलायचा, हे पातळीच्या आकड्याला बांधून आधीच लिहून ठेवावे. मॉडेलचा अंदाज फक्त लवकर हलवण्यासाठी वापरावा, थांबण्यासाठी कधीही नाही.

शेतकऱ्यांच्या फोनला उत्तर देणारे चॅटबॉट हाही आता फॅशनचा विषय आहे. नोंद शोधून देणे, काट्यावरचे वजन सांगणे, तक्रार योग्य गटाकडे वळवणे त्याने जरूर करावे. "परवा टोळी येईल" हे वाक्य त्याच्या तोंडी येता कामा नये. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. बॉट बोलला, आम्ही नाही, हा बचाव चालला नाही.

सुरुवात कशी करावी? पहिला पूर्ण हंगाम यंत्राने यादी काढावी, पण ती कोणी वापरू नये. रोज संध्याकाळी कुलूपबंद फाईलमध्ये ठेवावी आणि पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष तोडीशी ताडून बघावी: तुटलेल्या उसाचे ब्रिक्स, ऊस नसल्यामुळे मिल किती तास थांबली, किती राने मर्यादेबाहेर रखडली, तोडीपासून गव्हाणीपर्यंत 24 तासांहून जास्त किती गाड्या लागल्या. विक्रेते पंधरा दिवसांच्या चाचणीवर भागवतात. नोव्हेंबरातली आडसाली आणि मार्चमधला खोडवा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात पास झालेले मॉडेल दुसऱ्यात नापास होते.

आणि माणसांचा हात मोडू देऊ नये. लिझान बेनब्रिज यांनी 1983 मध्येच दाखवले होते की यंत्र जितके जास्त काम करते, तितकी बिघाडाच्या वेळी कुशल माणसाची गरज वाढते, आणि नेमकी तीच कुशलता सराव नसल्याने गेलेली असते. कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर येणारा धातूसारखा आवाज, पिवळी पडत गेलेली पाने, कांडे पेऱ्यावर कसे मोडते, ही नजर दोन हंगाम वापरली नाही तर बोथट होते. पंधरवड्यातून एक दिवस एक गट पूर्ण हाताने चालवावा. सर्व्हर बंद पडला तर पुढच्या दोन दिवसांची यादी छापील स्वरूपात गट कार्यालयात हवीच.

चिठ्ठीवर मग एवढे छापावे: गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, शेवटच्या उपग्रह चित्राची तारीख, शेवटच्या ब्रिक्सची तारीख आणि आकडा, आणि ही चिठ्ठी सरळ गेली, माणसाने पाहिली की माणसाने बदलली, ते. बदलली असेल तर कारण आणि बदलणाऱ्याचे नाव. चित्र बारा दिवसांहून जुने असेल तर पक्वतेच्या जागी रेघ. खाली एक फोन नंबर, ज्यावर माणूस उचलतो आणि ज्याला ती चिठ्ठी रद्द करण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे.